बहिणाबाईंची गाणी आणि सर्जनशीलतेच्या जोपासनेचा प्रश्न

बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांच्या कवितेविषयी लिहिताना मराठी समीक्षेने 'निरक्षर' हे विशेषण जवळजवळ अनिवार्य मानले आहे. शाळेचे तोंड न पाहिलेल्या एका शेतकरी स्त्रीने एवढी समृद्ध कविता कशी रचली, या आश्चर्याभोवतीच बहुतेक विवेचन फिरत राहते. हे आश्चर्य प्रांजळ असले तरी त्यात एक धोका दडलेला आहे. प्रतिभा हा चमत्कार ठरला की तिच्या जडणघडणीची चिकित्सा थांबते आणि शिक्षकाची जबाबदारीही आपोआप संपते. प्रस्तुत लेखात या चमत्कारवादी भूमिकेचा फेरविचार केला आहे.

मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त शक्ती, निपुणता आणि अभ्यास या तिन्हींचा समुच्चय हेच काव्याचे कारण मानले. ही तीन सुटी कारणे नव्हेत, तर तिन्ही मिळून एकच कारण होय, असा त्याचा आग्रह आहे. निपुणता कशातून येते हे सांगताना त्याने शास्त्र व काव्य यांच्याही आधी लोकव्यवहाराच्या अवलोकनाचा उल्लेख केला, याकडे मात्र आपले पुरेसे लक्ष गेलेले नाही. या निकषावर पाहता बहिणाबाईंना अशिक्षित म्हणणे कठीण जाते. आसोद्याचे माहेर, तेराव्या वर्षी झालेले लग्न, जळगावचे एकत्र कुटुंब, पेरणीपासून मळणीपर्यंतची शेतीची कामे, वैधव्य. एवढा लोकव्यवहार त्यांच्यासमोर रोज उलगडत होता. काव्याचे संस्कारही होतेच. कथा-कीर्तने, सणावारांची गाणी आणि मुख्य म्हणजे जात्यावरची ओवी. हेमा राईरकर व गी प्वातवँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून संकलित झालेल्या जात्यावरच्या ओव्यांची संख्या लाखाच्या घरात जाते. मराठी मुलखातील बाईला छंद शिकण्यासाठी पाठ्यपुस्तकाची गरज नव्हती. जात्याचा फेरा आणि ओवीचा चरण यांची सांगड तिच्या हातांतच बसलेली होती. बहिणाबाईंची रचना ओवी-अभंगाच्या वळणाची आहे, ती याच अभ्यासामुळे. अर्थात हा वारसा असंख्य स्त्रियांना लाभला आणि बहिणाबाई एकच झाली, हेही खरे. मम्मट ज्याला शक्ती म्हणतो ती नाकारण्याचा येथे हेतू नाही. पण तिच्या नावाखाली उरलेल्या दोन गोष्टी झाकल्या जाऊ नयेत.

पाश्चात्त्य मानसशास्त्रातही असेच स्थित्यंतर आढळते. ग्रॅहम वॉलस याने १९२६ मध्ये सर्जनप्रक्रियेच्या पूर्वतयारी, परिपोषण, स्फुरण आणि पडताळणी अशा चार अवस्था कल्पिल्या. त्यांचा सारा रोख व्यक्तीच्या मनावर होता. चिकसेंटमिहाय यांनी मात्र सर्जनशीलता व्यक्ती, ज्ञानक्षेत्र आणि त्या क्षेत्रातील जाणकारांचा वर्ग या तिहींच्या परस्परसंबंधात शोधली. जाणकारांनी स्वीकारल्यावाचून नवनिर्मिती परंपरेचा भाग होत नाही, हे त्यांचे म्हणणे आपल्याला नवे वाटण्याचे कारण नाही. कारयित्री प्रतिभेच्या जोडीला भावयित्री प्रतिभा मांडून राजशेखराने 'काव्यमीमांसे'त भावकाला हेच स्थान शतकांपूर्वी दिले होते.

बहिणाबाईंच्या बाबतीत हा भावक घरातच होता. त्यांचे पुत्र, कवी सोपानदेव चौधरी आणि नात्यातील पितांबर चौधरी यांनी काम करता करता ओठांवर येणारी गाणी टिपून घेतली. ती वही आचार्य अत्रे यांनी पाहिली आणि १९५२ साली, कवयित्रीच्या मृत्यूनंतर, 'बहिणाबाईंची गाणी' प्रसिद्ध झाली. या घटनेत मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती वही. आईचे गुणगुणणे हे टिपून ठेवण्याजोगे काव्य आहे, हे ओळखायला मुलगा कवी असावा लागला. आणि टिपताना त्या बोलीचे प्रमाणीकरण झाले नाही, ही तर मराठी कवितेवरची मोठीच कृपा! खानदेशी उच्चार आणि 'मले', 'कशाले' यांसारखी रूपे सुधारली गेली असती, तर त्या ओळींतील नादच हरवला असता. जोपासना म्हणजे प्रत्येक वेळी काही शिकवणेच असते असे नाही. हात आवरणे हाही तिचा एक प्रकार होय.

हे लिहिताना एक कबुली देणे भाग आहे. आमच्या महाविद्यालयाच्या वार्षिक अंकासाठी द्वितीय वर्षाच्या एका विद्यार्थ्याने कापसाच्या हंगामावर ललितलेख दिला होता. त्यात घरची माणसे 'कापूस वेचाले' जात होती. संपादन करताना मी ते 'वेचायला' केले, आणखी दहा-बारा ठिकाणी लेखणी चालवली आणि शुद्ध झालेला लेख छापला. त्याच आठवड्यात, त्याच वर्गात, बहिणाबाईंच्या कवितेतील 'ले' या प्रत्ययाचे भाषिक सौंदर्य मी तन्मयतेने उलगडून दाखवत होतो. तो तिसऱ्या बाकावर बसून टिपणे घेत होता. पुढच्या वर्षी अंकासाठी त्याच्याकडे लेख मागितला, तेव्हा त्याने प्रमाण मराठीत, एकही चूक नसलेला, पर्यावरणावरील निबंध आणून दिला.