चार सावल्या आणि एक ‘दुसरी पृथ्वी’

२०१५च्या जुलैत नासाने केप्लर-४५२बी जाहीर केला, तेव्हाचं रंगीत चित्र तुम्ही कुठेतरी पाहिलं असेलच. केप्लर दुर्बिणीला मात्र त्यातलं काहीच दिसलेलं नाही. तिने चार वर्षं एका ताऱ्याचा उजेड मोजला आणि तो चार वेळा, दर ३८५ दिवसांनी, दहा-साडेदहा तास किंचित कमी झाला. किंचित म्हणजे दहा हजारात दोन भाग. बाकी सगळं या चार सावल्यांवर रचलेलं आहे.

तारा खरोखर सूर्यासारखा आहे, त्यात वाद नाही. मूळ शोधनिबंधही हलक्या हाताने लिहिलेला नाही. मागच्या एखाद्या जोडताऱ्यामुळे असा भास होईल का, हे त्यात नीट तपासलंय आणि ‘हा ग्रहच’ याची खात्री ९९ टक्क्यांच्या वर काढलीय. पण त्या गणितात एक गोष्ट गृहीत धरलीय: सावली आकाशातून आली.

ती कॅमेऱ्यातूनच आली असेल तर? २०१८ साली फर्गल मुलाली आणि सहकाऱ्यांनी नेमकं हेच विचारलं. गंमत म्हणजे ही मंडळी केप्लर मोहिमेतच काम केलेली. सौरपट्ट्या सूर्याकडे राहाव्यात म्हणून केप्लर साधारण दर तीन महिन्यांनी पाव वळण घ्यायची. त्यामुळे प्रत्येक तारा वर्षभरात चार वेगवेगळ्या सेन्सरवर पडायचा आणि वर्षाने पुन्हा पहिल्यावर. आता असा भाडेकरू डोळ्यांसमोर आणा, जो दर तीन महिन्यांनी खोली बदलतो, आणि चारपैकी एका खोलीचं छत गळतं. तो छातीठोकपणे सांगेल की पाऊस वर्षातून एकदाच पडतो! केप्लरच्या नोंदींत असे सुमारे ३७२ दिवसांचे खोटे संकेत ढिगाने आहेत. आणि आपण शोधतोय काय, तर वर्षभराची फेरी असलेला ग्रह.

मुलाली ‘ग्रह नाही’ असं म्हणत नाहीत. एवढ्या क्षीण संकेतात खरं-खोटं ९९ टक्के खात्रीने वेगळं करता येत नाही, म्हणून त्याला ‘उमेदवार’च म्हणा, एवढंच त्यांचं म्हणणं. मला ते पूर्ण पटतं. मी स्वतः प्रकाशाच्या अशाच आलेखांवर काम करते, चार बिंदूंतून हवा तो आकार दिसायला वेळ लागत नाही.

तुम्ही म्हणाल, नावावरून एवढा वाद कशाला? कारण सूर्यासारखे तारे, वर्षभराची फेरी, पृथ्वीच्या जवळपासचा आकार, या कोपऱ्यात ग्रह मोजकेच आहेत. त्यातला एक जरी खोटा निघाला तरी ‘किती सूर्यांना पृथ्वी असते’ हा आकडा हलतो. आणि पुढच्या अवकाश दुर्बिणींचा आरसा किती मोठा हवा, हे त्याच आकड्यावर अवलंबून असतं.

बरं, ग्रह आहे असं मानू. त्रिज्या पृथ्वीच्या १.६ पट. वस्तुमान? मोजलेलंच नाही, तारा इतका मंद दिसतो की त्याची डगमग टिपणं आजच्या उपकरणांच्या आवाक्यात नाही. तो खडकाळ असण्याची शक्यता मूळ निबंधानेच ४९ ते ६२ टक्के दिलीय. जवळजवळ छापा-काटा. निबंधात ही ओळ सारांशातच आहे, लपवलेली नाही. पण बातमीपर्यंत पोचता पोचता छाप्याची पृथ्वी झाली, आणि काटा कुणी दाखवलाच नाही.