अन्नसुरक्षा, पोषण आणि शासकीय समन्वय : गडचिरोली जिल्ह्याच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :
झाडीपट्टी हा धानाचा मुलूख होय. वडसा (देसाईगंज) परिसरातील धान आधारभूत किमतीने खरेदी केले जाते, गिरण्यांत भरडले जाते आणि तांदूळ होऊन रेशन दुकानांत पोहोचते. अशा जिल्ह्यात गर्भवती माता व बालके कुपोषित का राहतात? 'खात्यांमध्ये समन्वय नाही', हे या प्रश्नाचे नेहमीचे उत्तर आहे. प्रस्तुत लेखात या उत्तराचीच चिकित्सा करावयाची आहे.

विवेचन :
वस्तुतः समन्वयाच्या यंत्रणा महाराष्ट्रात कमी नाहीत. १९९५ मध्ये नवसंजीवनी योजना आली, २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन स्थापन झाले आणि २०१८ मध्ये केंद्राच्या पोषण अभियानाने 'अभिसरण' हा शब्द रूढ केला. यांपैकी मिशनचे कार्य उल्लेखनीय आहे. त्याने बालकाच्या पहिल्या हजार दिवसांकडे प्रशासनाचे लक्ष वेधले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार राज्यातील पाच वर्षांखालील खुज्या बालकांचे प्रमाण २००५-०६ मधील ४६.३ टक्क्यांवरून २०१५-१६ मध्ये ३४.४ टक्क्यांवर आले. मात्र याच काळात उंचीच्या मानाने वजन कमी असलेल्या बालकांचे प्रमाण १६.५ वरून २५.६ टक्के झाले. २०१९-२१ च्या फेरीत हे आकडे अनुक्रमे ३५.२ व २५.६ होते. मिशनच्या यशाची चर्चा करताना पहिला आकडा पुढे येतो, दुसरा मागे राहतो. ही निवड मला अभ्यासकाला न शोभणारी वाटते.

समन्वयाची खरी परीक्षा डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत (२०१५) होते. अनुसूचित क्षेत्रातील गर्भवती व स्तनदा मातेस एक वेळचे पूर्ण गरम जेवण देणारी ही योजना हेतूने निर्दोष आहे. तिचा निधी आदिवासी विकास विभागाचा, अंमलबजावणी महिला व बालविकास विभागाची, लोहाच्या गोळ्या आरोग्य विभागाच्या आणि घरचे रेशन अन्न व नागरी पुरवठा विभागाचे. वरच्या पातळीवर हे चारही विभाग बैठकीत एकत्र येतात. गावात मात्र ते एकाच व्यक्तीत एकत्र येतात, ती म्हणजे अंगणवाडी सेविका. निधीस विलंब झाला तर उधारीचा किराणा तिने आणावयाचा, नोंदवह्याही तिनेच भरावयाच्या. तिला कोणत्याही विभागास जाब विचारता येत नाही. शिवाय जेवण दुपारी अंगणवाडीत तयार होते, तर रोवणीच्या दिवसांत ती माता बांधीत वाकलेली असते. अन्नपुरवठ्याच्या वेळापत्रकाचा शेतीच्या वेळापत्रकाशी समन्वय साधणे कोणत्याच विभागाच्या कार्यकक्षेत येत नाही.

याहून गंभीर बाब सीमेची आहे. जिल्ह्यातील काही तालुके संपूर्ण अनुसूचित असले, तरी वडशाशेजारच्या आरमोरीत, तसेच गडचिरोली व चामोर्शी तालुक्यांत काही गावे अनुसूचित आहेत, काही नाहीत. ही यादी १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने निश्चित झाली. परिणामी एकाच बांधीवर मजुरी करणाऱ्या दोन गर्भवतींपैकी एकीला अंगणवाडीत शिजवलेले पूर्ण जेवण मिळते, तर दुसरीला घरी नेण्याचा आहार मिळतो. तो तिच्याकडून घरातील सर्वांच्या ताटात वाटला जातो, हे आपल्या वर्गातील विद्यार्थिनीही सांगू शकतील. राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ प्रत्येक गर्भवतीचा आहाराचा हक्क मान्य करतो. त्यात अनुसूचित गाव व इतर गाव असा भेद नाही.