एटीपीमुळे डोळ्याचं भिंग स्वच्छ राहतं का? एका गाजलेल्या पेपरकडे जरा संशयाने

२०१७ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात ड्रेस्डेनच्या हायमन यांच्या प्रयोगशाळेतून एक पेपर आला. पहिले लेखक पटेल. दावा असा, की एटीपी हे पेशीचं नुसतं इंधन नाही, ते 'हायड्रोट्रोप' म्हणूनही काम करतं. म्हणजे पाण्यात सहज न विरघळणाऱ्या प्रथिनांना विरघळलेलं ठेवतं. या पेपरात डोळ्याच्या भिंगाचा उल्लेख ओझरता आहे. पण गेल्या काही वर्षांत सेमिनारमध्ये, रिव्ह्यूमध्ये तो उल्लेख फुगत फुगत 'एटीपी भिंग पारदर्शक ठेवतं' इथपर्यंत आलाय. पीएचडीच्या मुलाखतीत कोणी हे वाक्य ठोकून दिलं तर पुढचा प्रश्न काय येऊ शकतो, ते आज बघू.

आधी कल्पना इतकी आवडते का, ते समजून घ्या. भिंगात रक्तवाहिन्या नाहीत. आतल्या तंतुपेशी प्रौढ होताना केंद्रक, मायटोकाँड्रिया सगळं टाकून देतात, कारण ही अंगकं प्रकाश विखुरतात. (२०२१ मध्ये मिझुशिमा यांच्या गटाने दाखवलं, की हे काम प्लाट कुटुंबातली फॉस्फोलायपेझ विकरं करतात. ती काढून टाकलेल्या झेब्राफिश आणि उंदरांच्या भिंगात अंगकं शिल्लक राहिली.) मग ऊर्जा येते कुठून? समोरच्या पाणीदार द्रवातून ग्लुकोज मिळतं आणि त्यातलं बहुतेक ऑक्सिजनशिवायच फोडलं जातं. एका ग्लुकोजमागे एटीपीचे निव्वळ दोन रेणू. मायटोकाँड्रिया उरतात ते बाहेरच्या थरातल्या पेशींत आणि कोवळ्या तंतूंत.

एवढं तुटपुंजं उत्पन्न असूनही भिंगात एटीपी काही मिलीमोलर इतकं सापडतं. एटीपी वापरणाऱ्या बहुतेक विकरांना मायक्रोमोलर पातळी पुरते. मग हे शांत बसलेलं ऊतक एवढा साठा कशाला बाळगतं? हायड्रोट्रोपची कल्पना नेमकी या प्रश्नावर बोट ठेवते, आणि प्रश्न खरंच चांगला आहे. पेपरमधले प्रयोगही स्वच्छ आहेत. ५ ते १० मिलीमोलर एटीपी घातलं की प्रथिनांचे गोळे बनत नाहीत, बनलेले विरघळतात. महत्त्वाचं म्हणजे हा परिणाम रेणूच्या रचनेचा आहे, असं ते म्हणतात. एटीपी तुटून मिळणाऱ्या ऊर्जेचा नाही.

आता माझ्या शंका.

पहिली शंका 'हायड्रोट्रोप' या शब्दाबद्दलच. हा शब्द १९१६ मध्ये न्यूबर्ग यांनी दिला. आपल्याकडे माटुंग्याच्या यूडीसीटीत (आताची आयसीटी) यावर भरपूर काम झालंय. बालसुब्रमणियन, श्रीनिवास, गायकर आणि शर्मा यांचा १९८९ चा पेपर जरूर वाचा. गंमत म्हणजे यातल्या बालसुब्रमणियन यांचं बरंच काम भिंगातल्या प्रथिनांवर आणि मोतीबिंदूवर आहे, म्हणजे दोन्ही धागे एकाच माणसाकडे! तर जुन्या अर्थाचे हायड्रोट्रोप साधारण मोलर पातळीवर काम करतात, आणि एका किमान प्रमाणाच्या वर गेल्यावरच. एटीपी त्याच्या शंभरपट कमी पातळीवर काम करत असेल, तर ते त्याच यंत्रणेने करतंय की प्रथिनाच्या ठरावीक जागांना चिकटून? दोन्हीला एकच नाव दिलं की हा प्रश्न झाकला जातो.

दुसरी शंका मला सगळ्यात जड वाटते, आणि ती कागदावर दोन ओळींत मांडता येते. भिंगात क्रिस्टॅलिन प्रथिनं लिटरला साधारण ३०० ग्रॅम. एका साखळीचं वजन सुमारे २०,००० डाल्टन धरा. ३०० भागिले २०,००० म्हणजे ०.०१५ मोलर, म्हणजेच १५ मिलीमोलर. एटीपी ३ मिलीमोलर धरलं तर पाच प्रथिनांमागे एक एटीपी! परीक्षानळीत मात्र प्रथिन मायक्रोमोलर आणि एटीपी मिलीमोलर होतं. तिथे प्रत्येक प्रथिनाच्या वाट्याला शेकडो ते हजारो एटीपी येत होते. म्हणजे नळीतली एटीपीची पातळी शरीरातल्यासारखी असली तरी प्रमाण शरीरातलं नव्हतं. एफयूएससारख्या विस्कळीत प्रथिनावरून दाटीवाटीने बसलेल्या, घट्ट घडी असलेल्या क्रिस्टॅलिनवर उडी मारताना हा हिशोब कोणीतरी करायला हवा होता.

तिसरी गोष्ट जागेची. भिंगाच्या केंद्रभागात एटीपी बाहेरच्या थरांपेक्षा कमी असतं. तिथली प्रथिनं तर जन्माआधीची, जवळपास न बदलणारी. तरी तो भाग कित्येक दशकं स्वच्छ राहतो. तिथे पहारा कोण देतं? एक उत्तर आपल्याला १९९२ पासून ठाऊक आहे. हॉरविट्झ यांनी दाखवलं, की अल्फा-क्रिस्टॅलिन स्वतःच इतर प्रथिनांना गोळा होण्यापासून रोखतं, आणि त्याला त्यासाठी एटीपी लागत नाही. शिवाय पारदर्शकतेला मुळात प्रथिनं सुटी सुटी असणं पुरत नाही, त्यांच्यात जवळपासची शिस्तबद्ध मांडणी लागते. हे डेलाय आणि टार्ड्यू यांनी १९८३ मध्येच मांडलंय.

'पण एटीपी कमी झालं की भिंग गढूळ होतंच ना?' होतं. पण एटीपी संपलं की सोडियम-पोटॅशियम पंपही थांबतो, पेशीत सोडियम आणि पाणी शिरतं, तंतू फुगतात. ग्लुटाथायोन बनवायलाही एटीपीच लागतं, म्हणजे ऑक्सिडेशनपासूनचं संरक्षणही ढासळतं. यातल्या कुठल्या कारणाने धूसरपणा आला हे वेगळं न करता हायड्रोट्रोपला श्रेय देता येत नाही. उलट बाजूही आहे: तरुण प्राण्याचं भिंग थंड केलं की पांढरं पडतं, पुन्हा कोमट केलं की स्वच्छ होतं. तो प्रथिनांच्या प्रावस्था वेगळ्या होण्याचा खेळ आहे.

आणि 'जास्त ऊर्जा म्हणजे जास्त स्वच्छ भिंग' हे तर सरळच चूक. डोळ्यातला व्हिट्रियस काढण्याची शस्त्रक्रिया झाली की भिंगापर्यंत ऑक्सिजन जास्त पोचतो, आणि अशा वयस्क रुग्णांत केंद्रातला मोतीबिंदू लवकर येतो. भिंगाला कमी ऑक्सिजनच मानवतो.

ग्राइनर आणि ग्लोनेक यांनी २०२० मध्ये हायड्रोट्रोपची कल्पना थेट भिंगापर्यंत नेली. फॉस्फरस एनएमआरवर त्यांचं जुनं, मेहनतीचं काम आहे, म्हणून तो पेपर गांभीर्याने वाचा. पण वाचताना 'एटीपी इथे आहे' आणि 'एटीपी इथे हे काम करतं' ही दोन वाक्यं वेगळ्या रंगाने अधोरेखित करा. लॅनोस्टेरॉलचं काय झालं आठवतंय ना? २०१५ मध्ये 'नेचर'मध्ये थेंबांनी मोतीबिंदू विरघळतो असं आलं, मग इतरांनी माणसांच्या काढलेल्या केंद्रकांवर आणि उंदीरवर्गीय प्राण्यांच्या भिंगांवर तेच करून पाहिलं तर काही हललं नाही. थेंब मात्र ऑनलाइन विकायला आले.

मला पटेल असा प्रयोग फार महागडा नाही. भिंगाचा अर्क घ्या, म्हणजे पेशीचं आवरण आणि पंप दोन्हींचा प्रश्न मिटतो. क्रिस्टॅलिन खरोखरच्या दाटीला, लिटरला ३०० ग्रॅमच्या आसपास आणा. एटीपी शून्यापासून १० मिलीमोलरपर्यंत वाढवा, पण मॅग्नेशियमसकट, कारण पेशीत ते बहुतांशी मॅग्नेशियमला बांधलेलंच असतं. सोबत तेवढ्याच विद्युतभाराचं ट्रायपॉलीफॉस्फेट नियंत्रण म्हणून ठेवा, नाहीतर नुसत्या क्षाराचा परिणाम एटीपीच्या नावावर जाईल. मग प्रकाशाचं विखुरणं मोजा, ताज्या प्रथिनावर आणि अतिनील किरणांनी बिघडवलेल्या प्रथिनावरही. ३ मिलीमोलरला फरक दिसला आणि ट्रायपॉलीफॉस्फेटला दिसला नाही, तर माझी दुसरी शंका मी मागे घेईन.