प्रोबायोटिकची निवड : एका संज्ञेची चिकित्सा

अंधेरी ते मुलुंड या उपनगरी पट्ट्यात औषधांच्या दुकानांतील कॅप्सूल, आंबवलेल्या दुधाच्या लहान बाटल्या आणि घरचे दही या तिन्हींना सर्रास ‘प्रोबायोटिक’ म्हटले जाते. निवडीतील मूळ घोटाळा या सरसकटीकरणात आहे.

अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञांनी २००१ मध्ये केलेल्या व्याख्येत तीन अटी आहेत : सूक्ष्मजीव जिवंत असावेत, पुरेशा प्रमाणात असावेत आणि त्यांच्यामुळे आरोग्यास लाभ व्हावा. घरचे दही पौष्टिक खरे. परंतु विरजणागणिक जिवाणूंचे वाण व संख्या बदलत असल्याने ते विशिष्ट विकारावरील उपाय ठरत नाही. दुसरीकडे, वेष्टनावरील अब्जावधींचा आकडा हाही गुणकारितेचा पुरावा नव्हे. कारण लाभ वाणनिष्ठ असतो. म्हणूनच भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०११ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी प्रजाती, जाती, वाण, वापराच्या मुदतीअखेरची जिवंत जिवाणूंची संख्या आणि साठवणुकीच्या अटी वेष्टनावर देण्याची अपेक्षा व्यक्त केली. अमेरिकन गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजिकल असोसिएशननेही २०२० मध्ये पचनसंस्थेच्या बहुतांश विकारांसाठी पुरावा अपुरा असल्याचे नमूद केले.

हा प्रश्न केवळ खर्चाचा नाही. रोगप्रतिकारशक्ती क्षीण असलेल्या रुग्णास जिवंत जिवाणूंपासून क्वचित गंभीर संसर्गही संभवतो. तात्पर्य, ‘प्रोबायोटिक घ्यावे काय?’ हा प्रश्नच अपुरा आहे. कोणता वाण, किती मात्रेत, कोणत्या विकारासाठी आणि कोणत्या रुग्णास, हे वैद्यकीय सल्ल्याने ठरल्यावरच निवडीला अर्थ प्राप्त होतो.