'ओपनफ्लो' आणि प्रमाणभाषेचा प्रश्न

संगणकजालाचे नियंत्रण प्रत्येक स्विचमधून काढून एका स्वतंत्र नियंत्रकाकडे द्यावे आणि त्या दोहोंतील व्यवहार सर्वांस उपलब्ध अशा भाषेत चालावा, ही २००८ साली मांडल्या गेलेल्या 'ओपनफ्लो'मागील कल्पना होय. ग्राहक एकाच उत्पादकाशी बांधला जाऊ नये, ही तिची प्रतिज्ञा. तिची परीक्षा शब्दसंग्रहावरून करता येते. पॅकेट ओळखण्याची क्षेत्रे पहिल्या आवृत्तीत (२००९) अवघी १२ होती, १.३ या आवृत्तीत (२०१२) ती ४० झाली. त्यांपैकी अनिवार्य मात्र १३च! उरलेली २७ उत्पादकाच्या मर्जीवर. म्हणजे दोन कंपन्यांचे स्विच नियमानुसार 'ओपनफ्लो' जाणतात, तरी एकास कळणारी आज्ञा दुसऱ्यास कळेलच असे नाही. प्रमाणभाषेपेक्षा हे बोलींचेच लक्षण अधिक. (बोलींस यात उणेपणा नाही, पण निविदेत कोणी बोलीला 'मानक' म्हणत नाही.) संहिता सर्वांस वाचावयास खुली असणे निराळे आणि उपकरणे परस्परांऐवजी वापरता येणे निराळे, पहिल्यावरून दुसरे गृहीत धरणारे कार्यालय खरेदीत फसावयाचेच. २०१४ साली मांडलेल्या 'पी-४'ने नवे शब्द पुरविण्याऐवजी शब्द घडविण्याचे नियमच दिले. हा मार्ग अधिक शास्त्रशुद्ध खरा. परंतु ती भाषा जाणणाऱ्या 'टोफिनो' चिपच्या पुढील पिढ्यांचे काम इंटेलने २०२३ साली थांबविले.