जहाजावरचा शिपाई कोणत्या कपाटात सापडतो?

पेट पास झालात, सिनॉप्सिस लिहायला बसलात, आणि आता गाईड म्हणतायत, "रिसर्च गॅप दाखवा." गॅपची व्याख्या तुम्हाला पाठ असेल, ती मी परत सांगत नाही. त्यापेक्षा दोन पुस्तकं बघू. या दोन पुस्तकांमुळे मला माझं एक अख्खं प्रकरण पुन्हा लिहावं लागतंय.

विषय आहे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचं समुद्रयुद्ध. (आम्ही बीडची माणसं. पाण्यातली वास्तू म्हटलं की आम्हाला कंकालेश्वर आठवतो. तेव्हा "हा विषय तुम्हाला कुठून सुचला?" हे ऐकायची सवय झालीय.) एम.एस्सी. भौतिकशास्त्रात झालेली असल्याने मी तोफांचा पल्ला, गोळ्याचं वजन, यातच रमले होते. लढाई तोफ जिंकते, असं माझं गृहीतक होतं. तपासलेलं नव्हतंच.

पहिलं पुस्तक चार्ल्स रॅथबोन लो यांचं 'हिस्टरी ऑफ द इंडियन नेव्ही', १८७७, दोन जाड खंड. कंपनीचं मुंबईचं आरमार म्हणजे 'बॉम्बे मरीन', त्याचं १८३० मध्ये 'इंडियन नेव्ही' झालं आणि १८६३ मध्ये ते मोडीत काढलं. लो त्याच आरमारातले अधिकारी. वाचताना हे विसरू नका. मोडलेल्या घराची बाजू मांडणारा माणूस लिहितोय, त्यामुळे कर्तबगार अधिकाऱ्यांची नावं पानोपानी भेटतात. शिपाई भेटतो तो बहुतेक आकड्यात.

१८०८ मध्ये इराणच्या आखातात कवासिमांच्या होड्यांनी 'सिल्फ' हे कंपनीचं छोटं जहाज पकडलं, तो प्रसंग घ्या. लो यांचा राग मुंबई सरकारवर आहे: समोरच्याने गोळी झाडल्याशिवाय तुम्ही झाडायची नाही, हा हुकूम जहाजाला भोवला. मला मात्र या प्रसंगात दुसरंच दिसलं. होडी एकदा जहाजाला चिकटली आणि माणसं वर चढू लागली की तोफेचा पल्ला काय कामाचा? पुढची लढाई बंदूक आणि संगिनीची.

आणि ते काम मरीनचं, म्हणजे जहाजावर नेमलेल्या सैनिकाचं. ट्रफाल्गरला १८०५ मध्ये नेल्सनच्या 'व्हिक्टरी'वर सुमारे ८२० माणसं होती, त्यांत मरीन दीडशेच्या आतबाहेर. शत्रूच्या डेकवर गोळ्या झाडणं, चढणाऱ्यांना रोखणं, किनाऱ्यावर उतरणं ही त्यांची कामं. शिवाय एक काम असं, जे शौर्यकथांत फारसं येत नाही: आपल्याच खलाशांवर पहारा. मरीनची झोपायची जागा अधिकारी आणि खलाशी यांच्या मधोमध असायची. १७९७ मध्ये इंग्लंडच्या आरमारात खलाशांनी बंड केलं होतं, तेव्हा ही भीती काही कल्पनेतली नव्हती.

मुंबईत हे काम मरीन बटालियनकडे होतं, स्थापना १७७७. आता इथे फसू नका, मी फसले होते. 'बॉम्बे मरीन' म्हणजे सैनिक नव्हेत, ते आरमाराचंच नाव. जहाजावरचे शिपाई मरीन बटालियनचे, आणि ती बटालियन मुंबईच्या लष्कराची पायदळ पलटण. माणूस जहाजावर, हजेरी लष्कराच्या वहीत! आरमाराचा इतिहास लिहिणाऱ्याला तो आपला वाटत नाही आणि लष्कराचा इतिहास लिहिणारा जमिनीवरच्या लढायांत गुंतलेला.

दुसरं पुस्तक शारजाचे शासक सुलतान बिन मुहम्मद अल-कासिमी यांचं 'द मिथ ऑफ अरब पायरसी इन द गल्फ', १९८६. मूळ पीएच.डी.चा प्रबंध, आणि त्याचा मोठा आधार आपल्या मुंबईच्या पुराभिलेखागारातली कागदपत्रं. लो ज्यांना चाचे म्हणतात त्यांची बाजू इथे येते: चाचेगिरीची ओरड कंपनीने व्यापारासाठी केली, असं त्यांचं म्हणणं. प्रतिवाद दमदार आहे. लेखक स्वतः कासिमी घराण्यातले, हेही लो यांच्याबाबत लावलेल्याच मापाने मोजा. पण त्यांचा वाद कंपनीच्या धोरणाशी आहे, डेकवरच्या शिपायाशी नाही. १८१९ च्या रास अल-खैमा मोहिमेत मरीन बटालियनच्या तुकड्या होत्या. त्यातला शिपाई कोण, कुठल्या गावचा, हा प्रश्न दोन्ही पुस्तकांच्या वाटेवर येतच नाही. चुकीपेक्षा ही कपाटाची गोष्ट जास्त आहे. दोघांनी आपापल्या प्रश्नाचं कपाट उघडलं.

या बटालियनमधलं एक नाव मात्र सर्वांना ठाऊक आहे. ड्रिल हवालदार सय्यद हुसेन. १५ ऑक्टोबर १८५७ ला मुंबईच्या एस्प्लनेड मैदानावर, आजच्या आझाद मैदानाच्या परिसरात, त्यांना आणि दहाव्या पलटणीच्या मंगल गाडिया यांना तोफेच्या तोंडी दिलं. खलाशांच्या बंडावर पहारा द्यायला ज्या पलटणीचे शिपाई जहाजावर जात, तिच्याच हवालदारावर बंडाचा आरोप! आणि नाव नोंदलं गेलं तेही शिक्षेमुळे.

तोफांच्या पल्ल्यांचे माझे तक्ते आता परिशिष्टात गेलेत. गाईडना नवा आराखडा दाखवला तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "लष्कराच्या फायली मागवल्यात का?" त्या मागवायला पुढच्या आठवड्यात रात्रीच्या गाडीने मुंबईला निघतेय.