संगणकाची मराठी परिभाषा

परिभाषाकाराचें काम दुहेरी असतें. त्यानें शब्द योजावयाचा आणि तो अर्थाला पुरतो कीं नाहीं हेंही पाहावयाचें. संगणकाविषयीं मराठींत जीं प्राथमिक पुस्तकें निघतात त्यांच्या शेवटीं बहुधा शब्दार्थांचा तक्ता जोडलेला असतो. असे कांहीं तक्ते आम्हीं चाळले. त्यांत पहिल्या कामाचा उत्साह दांडगा, दुसर्‍याची कळकळ बेताचीच.

चांगल्याला चांगलें म्हटलें पाहिजे. 'संगणक' हा शब्द निःसंशय उत्तम आहे. इंग्रजींतही कंप्यूटर म्हणजे मूळचा आंकडेमोड करणारा मनुष्य. यंत्राला तें नांव मागाहून मिळालें. 'परवलीचा शब्द' याला तर तोड नाहीं. पहार्‍यावरच्या शिपायाचें बोलणें जसेंच्या तसें उचलून नव्या चौकीवर उभें केलें, आणि अर्थ सांगण्याची गरजच उरली नाहीं.

पण 'प्रणाली' पाहा. सॉफ्टवेअर म्हणजे संगणक प्रणाली, ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे परिचालन प्रणाली, आणि नुसती सिस्टिम म्हणजेही प्रणालीच! वस्तुतः ऑपरेटिंग सिस्टिम हा सॉफ्टवेअरचाच एक प्रकार. 'स्मृति' या शब्दानें याहून अधिक नुकसान होतें. 'माहिती सांठविण्याची जागा' एवढाच तिचा अर्थ दिलेला असतो. रॅममधील मजकूर वीज जातांच नाहींसा होतो, डिस्कवरचा राहतो. एक पाटी, दुसरें कोठार. दोहोंस एकच नांव ऐकलेला विद्यार्थी दुपारभर लिहितो, जतन करीत नाहीं, आणि दिवे गेले कीं कपाळाला हात लावतो.

'फाइल'ला 'धारिका' करण्याचा अट्टाहास आम्हांस मानवत नाहीं. फाइल आमच्या कचेर्‍यांत संगणकाच्या कितीतरी आधीं आली, स्त्रीलिंगी झाली, तिच्या 'फायली'ही झाल्या. शिवाजीमहाराजांच्या आज्ञेनें रघुनाथ पंडितांनीं राज्यव्यवहारकोश रचला, तरी कागद, वकील, दप्तर मराठींत राहिलेच. शब्द कोठून आला याविषयीं आमची तक्रार नाहीं. अर्थ चुकतो याविषयीं आहे.

आणि तो सर्वांत ठळकपणें चुकतो 'बाइट'पाशीं. बिट म्हणजे शून्य किंवा एक, यांपैकीं एका अंकाची जागा. असे आठ बिट मिळून एक बाइट, आणि त्यांच्या २५६ निरनिराळ्या मांडण्या होतात. इथवर सर्व ठीक. पुढें तक्ता सांगतो, 'एक बाइट म्हणजे एक अक्षर मावेल एवढी जागा.' हें वाक्य इंग्रजी पुस्तकांतून आलें आहे आणि रोमन लिपीपुरतें तें चालतें. परंतु ज्या लिपींत तें छापलें आहे तिच्याविषयींच तें खोटें आहे! यूटीएफ-८ या रूढ पद्धतींत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, आणि हें चिन्ह म्हणजे आपलें अक्षर नव्हे. 'क्षि' हें आपल्या मुलांना एक अक्षर. यंत्राला मात्र क, हलन्तचिन्ह, ष आणि र्‍हस्व वेलांटी अशीं चार चिन्हें, म्हणजे बारा बाइट. 'शिक्षिका' हा पाटीवर तीन अक्षरांचा शब्द. यंत्राच्या हिशेबीं तो आठ चिन्हांचा आणि चोवीस बाइटांचा.

हा केवळ पंडिती काथ्याकूट नव्हे. मोबाइलच्या एका लघुसंदेशांत साध्या रोमन लिपीला १६० जागा मिळतात, देवनागरीला ७०. आणि त्या सत्तरांतूनही वेलांट्या, मात्रा, हलन्तचिन्हें आपापला वांटा घेतात. ७० अक्षरें मावतील अशा समजुतीनें लिहावयास बसलेल्या माणसाचा निरोप निम्म्यावरच भरतो, आणि दोष कोणाचा तें त्याला उमगत नाहीं.

कॅरेक्टरला 'अक्षर' म्हणण्याऐवजीं 'चिन्ह' म्हटलें असतें तर हा घोटाळा झाला नसता. शब्द जुना, सोपा, सर्वांच्या तोंडचा आहे. पुढल्या आवृत्तींत तक्ताकारांनीं तो घ्यावा, आणि बाइटच्या अर्थापुढें इंग्रजी 'ए'च्या शेजारीं आमचा 'क्षि'ही उदाहरणादाखल छापावा.